विड्याच्या पानाचा पूल

क्वालालंपूरमध्ये रात्री उशिरा भूक लागली तर मामाककडे जायचं, हे तिथे राहणारा कुणीही पहिल्याच दिवशी सांगतो. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खाणावळ, बहुतेक चोवीस तास उघडी. प्लास्टिकच्या खुर्च्या पार रस्त्यापर्यंत आलेल्या, भिंतीवर मोठा पडदा आणि पडद्यावर इंग्लंडमधला फुटबॉलचा सामना. दारातच रोती चनाई करणारा उभा असतो. तेलात मुरलेला मैद्याचा गोळा ओट्यावर आपटायचा, हवेत भिरकावून पसरवायचा, आरपार दिसेल इतका पातळ झाला की घड्या घालून तव्यावर टाकायचा. भाजून झाला की दोन्ही तळव्यांत धरून फाटकन टाळी वाजवायची, म्हणजे पदर सुटे होतात. सोबत डाळ, माशाचं कालवण, आणि हातभर उंचीवरून या मगातून त्या मगात ओतून फेस आणलेला गोडमिट्ट चहा, तेह तारिक. वेटर गिऱ्हाइकाला ‘बॉस’ म्हणतो, गिऱ्हाईकही वेटरला ‘बॉस’च म्हणतं.

शेजारच्या टेबलावर डोक्याला तुडुंग बांधलेल्या मलय मुली होत्या, त्यांच्या पलीकडे चिनी पोरांचा घोळका, कोपऱ्यात कपाळाला विभूती लावलेलं तमिळ कुटुंब. माझा मावसभाऊ सायबरजायात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्याकडेच मी उतरले होते. मी म्हटलं, “दादा, किती छान मिसळून बसलेत रे सगळे.”

“मिसळून?” तो म्हणाला. “एका टेबलावर दोन जातीची माणसं दिसतायत का बघ जरा.”

एकच टेबल तसं होतं. ऑफिस सुटल्यावर आलेली मंडळी, गळ्यात अजून कार्डांच्या पट्ट्या. बाकी सगळीकडे मलय मलयांबरोबर, चिनी चिन्यांबरोबर. टेबलं मात्र एकमेकांना खेटून. कुणी कुणाकडे वाकड्या नजरेनं बघत नव्हतं, गोल झाला की सगळे एकदमच ओरडत होते.

सगळे मामाककडेच का येतात, त्याचं उत्तर साधं आहे. इथे डुक्कर नाही, बिअर नाही, म्हणून मलय माणूस निर्धास्त येतो. बाकीच्यांना स्वस्त आणि चविष्ट मिळतं. चिनी कोपितियाममध्ये जा. कॉफी उत्तम, नूडल्स उत्तम, पण डुकराचं मांस शिजतं तिथे मलय गिऱ्हाईक शोधूनही सापडत नाही. एकत्र बसायचं तर हलाल जागीच बसायचं, हा अलिखित करार इथे कधीच होऊन गेला आहे. शाळेचं स्नेहसंमेलन असो, ऑफिसची पार्टी असो, चिनी नववर्षाचं ‘ओपन हाउस’ असो, आचारी हलाल बघूनच ठरवतात. वहिनी दिवाळीत शेजारीपाजारी फराळ वाटते. डावीकडे मलय, उजवीकडे चिनी. तिच्या चकलीला दोन्ही घरं ‘मुरुक्कु’ म्हणतात आणि दिवाळीच्या आधीच “यंदा कधी?” म्हणून विचारतात. ईदला मलय घरातून तांदळाचे केतुपात येतात, सोबत “यात मांस नाही” असा खास निरोप. ही अदब वरवरची नाही. पिढ्यानपिढ्या एकमेकांचं सोवळं-ओवळं पाठ झालेलं आहे.

मलेशियात २०२० च्या जनगणनेप्रमाणे त्रेसष्ट टक्क्यांच्या वर लोक मुसलमान आहेत, बौद्ध साधारण एकोणीस, ख्रिस्ती नऊ, हिंदू सहा. नागरिकांमध्ये चिनी वंशाचे सुमारे तेवीस टक्के आणि भारतीय वंशाचे जेमतेम सात. भारतीय म्हणजे मुख्यतः तमिळ. मराठी माणसं आहेत, पण ती दादासारखी. व्हिसावर आलेली, इथल्या भांडणांपासून चार हात लांब.

पेनांगला गेले ती जॉर्ज टाउनचा एक रस्ता बघायला. पर्यटन खातं त्याला ‘सलोख्याचा रस्ता’ म्हणून विकतं, आणि विकण्यासारखा तो आहेच. १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, चारच पावलांवर क्वान यिन या चिनी करुणादेवीचं देऊळ, मग १८३३ चं मरिअम्मन, आणि टोकाला दक्षिण भारतातून आलेल्या मुसलमानांनी १८०१ साली स्थापन केलेली कापितान केलिंग मशीद. क्वान यिनच्या अंगणात उदबत्त्यांचा इतका धूर असतो की डोळ्यांतून पाणी येतं. बाहेर आलं की मरिअम्मनच्या मोगऱ्याचा वास. बांग झाली तेव्हा हारवाली तमिळ बाई आणि तिच्याकडून जास्वंद घेणारी चिनी म्हातारी यांचं पैशावरून चाललेलं बोलणं क्षणभरही थांबलं नाही. ते थांबावं असं त्यांना वाटलंही नसेल.

पण मला जास्त आवडला तो जवळचा कॅनन स्ट्रीट. १८६७ च्या दंगलीत तिथे तोफा डागल्या गेल्या म्हणून हे नाव. ऑगस्ट महिन्यात दहाएक दिवस शहर पेटलं होतं. आपण म्हणू, चिनी विरुद्ध मुसलमान. तसं नव्हतं. चिन्यांच्या दोन गुप्त संघटना एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या, आणि मलय-भारतीय मुसलमानांचेही दोन गट होते, लाल झेंड्याचा आणि पांढऱ्या झेंड्याचा. लाल झेंडा एका चिनी संघटनेच्या बाजूनं लढला, पांढरा दुसरीच्या. मारामारी धंद्याची आणि बंदरावरच्या वर्चस्वाची होती, तिला धर्म आडवा आला नाही. वंशाच्या रेघेवर माणसं उभी करण्याचं काम बरंचसं पुढचं: चिनी कथलाच्या खाणीत, तमिळ रबराच्या मळ्यात, मलय भातशेतीत, आणि वर हिशेब ठेवणारा इंग्रज साहेब. १९५७ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा हे तीन समाज एकाच देशात तीन वेगळ्या वस्त्यांत आणि तीन वेगळ्या धंद्यांत होते.

क्वालालंपूरला परतल्यावर मी कंपुंग बारूत बराच वेळ काढला. शहराच्या मधोमध हे मलय गाव आहे. सुलतानानं १९०० च्या सुमारास मलयांसाठी राखून दिलेली जमीन. बाहेरच्याला आजही विकता येत नाही. लाकडी घरं, खांबांवर उचललेली, अंगणात कोंबड्या, केळी, आणि डोक्यावर पेट्रोनासचे ४५२ मीटरचे जुळे मनोरे. भोवतालच्या जमिनीला सोन्याचा भाव, हे गाव तसंच. २०२० पासून दोन्हींच्या मध्ये एक पूल झालाय. सालोमा ही गायिका, तिच्या नावाचा. मलय लग्नात विड्याची पानं रचून सजवतात, त्या रचनेवरून त्याचा आकार बेतलाय. रात्री त्याला रंगीत दिवे लागतात आणि पोरंपोरी फोटो काढायला गर्दी करतात. मी क्लांग नदी ओलांडून या बाजूला उतरले ती थेट नासी लेमाक विकणाऱ्या मकचिककडे. म्हाताऱ्या मलय बाईला इथे कुणीही मकचिक म्हणतं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सांबल, सुकट, काकडी, उकडलेलं अंडं, हे सगळं केळीच्या पानात बांधून दोन मिनिटांत हातात.

१३ मे १९६९ च्या संध्याकाळी दंगल सुरू झाली ती याच गावात. तीन दिवसांपूर्वीच्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचा जोर कमी झाला होता आणि विरोधकांनी, त्यात बरेचसे चिनी, शहरभर विजयाच्या मिरवणुका काढल्या होत्या. उत्तर द्यायला म्हणून सेलांगोर राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या इथल्या घरापुढे मलय जमाव गोळा झाला. पुढे काय झालं ते आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. सरकारी आकडा १९६ मृतांचा. परदेशी वकिलाती त्याच्या कितीतरी पट सांगत होत्या. मेलेल्यांत बहुसंख्य चिनी. त्यांतल्या कित्येकांना शहराबाहेर सुंगई बुलोह इथे, महारोग्यांच्या जुन्या वसाहतीजवळ पुरलं. आज शेजारी मोठं सरकारी इस्पितळ आहे. त्याच्या गाड्या लावायच्या जागेलगतच्या गवतात त्या कबरी आहेत. चिनी अक्षरांच्या पाट्या, काहींवर नावच नाही. तिथे जायचंय म्हटल्यावर दादाच्या मलय सहकाऱ्यानं भुवया उंचावल्या, पण रस्ता नीट समजावून दिला.

संसद १९७१ पर्यंत बंद राहिली. उघडली तेव्हा दोन गोष्टी झाल्या. एक, नवं आर्थिक धोरण. द्वीपकल्पातली जवळजवळ निम्मी घरं तेव्हा गरीब होती आणि कंपन्यांच्या भांडवलात मलयांचा वाटा दोन-अडीच टक्के. तो वीस वर्षांत तीस टक्क्यांवर न्यायचा, असं ठरलं. त्यासाठी विद्यापीठात जागा, सरकारी ठेके, नोकऱ्या, शेअर, घरखरेदीत सवलत, सगळं भूमिपुत्रांसाठी, म्हणजे मलय आणि इतर मूळनिवासींसाठी, राखून. दुसरी गोष्ट, मलयांचं खास स्थान, इतरांचं नागरिकत्व, राष्ट्रभाषा आणि सुलतानांचे अधिकार या विषयांवर शंका काढणंच गुन्हा ठरवलं, अगदी संसदेतसुद्धा.

आपल्याला आरक्षणाची सवय, तरी इथला उलटा मांडा पचायला वेळ लागतो. इथे राखीव जागा बहुसंख्यांना आहेत, आणि त्या किती वर्षं ठेवायच्या हे विचारणं अवघड. मकचिकला मी हे विचारलं, जरा आडून आडून. तिनं भाताचं पान बांधतच सांगितलं, “माझी आई इथे केळी विकायची. मी भात विकते. माझी मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर शिकली, आता त्या मनोऱ्यात बसते. तू सांग, चुकलं काय?” मला सांगण्यासारखं काही नव्हतं. पेनांगला १९७२ मध्ये इंटेलचा कारखाना आला, पाठोपाठ इतर आले, आणि खेड्यापाड्यातून बाजू कुरुंग घातलेल्या मलय मुली चिनी आणि तमिळ मुलींच्या शेजारी बसून चिपा जोडायला लागल्या. देश श्रीमंत झाला, आणि पहिली काही दशकं दुसऱ्याच्या ताटातलं न काढता मलयांच्या ताटात वाढता येईल इतका झपाट्यानं झाला. तिथल्या शांततेचं मोठं श्रेय मी या गोष्टीला देते. सलोख्याच्या सरकारी जाहिरातींना नाही.

दुसरी बाजू ऐकली ती बटू केव्हजच्या वाटेवर, टॅक्सीत. चालक तमिळ, पन्नाशीचा, आरशाला मुरुगन टांगलेला. बाप सेलांगोरच्या मळ्यात रबराचा चीक काढायचा. मळ्यात सगळं होतं, चाळी, तमिळ शाळा, ताडीचं दुकान, देऊळ. फक्त एक कागद नव्हता. देऊळ मजुरांनी बांधलेलं, जमीन कंपनीची. रबर जाऊन पामतेल आलं, पाम जाऊन टाउनशिप आली, मजुरांना मळा सोडायला सांगितलं आणि देवळं रातोरात ‘बेकायदा’ झाली. २००७ च्या २५ नोव्हेंबरला हजारो तमिळ लोक हिंद्राफ या हिंदू हक्क चळवळीच्या हाकेवर जुळ्या मनोऱ्यांच्या परिसरात जमले आणि त्यांनी अश्रुधूर खाल्ला, त्याच्या मुळाशी ही देवळं होती. हाही त्या गर्दीत होता. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत सरकारचं दोन तृतीयांश बहुमत गेलं, हे सांगताना त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली.

“तुम्ही मुंबईच्या ना?” त्यानं मध्येच विचारलं. “झाकीर नाईक तुमच्याकडचाच.” २०१९ मध्ये इथे येऊन राहिलेले इस्लामी धर्मप्रचारक नाईक यांनी केलांतानमधल्या भाषणात इथल्या हिंदूंच्या निष्ठेवर बोट ठेवलं आणि चिन्यांना ‘जुने पाहुणे’ म्हटलं, त्यावर एवढा गदारोळ झाला की पोलिसांनी त्यांची जाहीर भाषणं बंद केली आणि त्यांनी माफी मागितली. चालकाचा राग वेगळाच होता. “माझे आजोबा इथे मेले, बाप इथे मेला. काल आलेला माणूस मला पाहुणा म्हणतो.” मग आपणच हसला. “पण खरं सांगू? गेल्या साली माझं हृदयाचं दुखणं ज्या डॉक्टरीणबाईंनी काढलं, त्या मलय. सरकारी इस्पितळात केसपेपरला एक रिंगिट. शेजारी मलय आहे, त्याची गाडी बंद पडली तर मी ढकलतो. शेजाऱ्यांचं काही नाही हो. मुलीच्या कॉलेजचं आहे.” सरकारी मॅट्रिक्युलेशनच्या शंभरातल्या नव्वद जागा भूमिपुत्रांना, उरलेल्या दहांत चिनी, भारतीय आणि बाकी सगळे.

बटू केव्हजला सोनेरी मुरुगन उभा आहे, बेचाळीस मीटर उंच, त्याच्या मागे इंद्रधनुष्यी रंगवलेल्या २७२ पायऱ्या आणि चुनखडीची गुहा. माकडं फार. तैपूसमला इथे लाखोंनी माणूस लोटतं, राज्यात सुट्टी असते, पंतप्रधान शुभेच्छा देतात. गर्दीला पाणी आणि ताक वाटणाऱ्यांत चिनीही असतात, पेनांगला तर रथापुढे नारळ फोडण्यात ते तमिळांच्या पुढे. मुसलमानबहुल देशात एवढा मोठा हिंदू उत्सव बिनघोर चालतो, ही गोष्ट आपल्याकडे सांगितली की लोक मान डोलावतात किंवा विश्वास ठेवत नाहीत. दोन्हींत थोडी घाई आहे.

कारण वाद रस्त्यावर क्वचितच होतो, तो कागदावर होतो. २०१८ मध्ये सुबांग जायाच्या सीफील्ड देवळाच्या जागेवरून रात्रीतून जाळपोळ झाली, आग विझवायला आलेला एक तरुण मलय जवान जखमी होऊन पुढे मेला, आणि देशभर श्वास रोखले गेले. गृहमंत्र्यांनी तेव्हाच सांगितलं की हा जातीय दंगा नव्हे, तंटा जमिनीचा आहे. २०२५ मध्ये क्वालालंपूरच्या मस्जिद इंडिया भागातलं सव्वाशे वर्षांहून जुनं काली मंदिर हलवून तिथे मशीद बांधायचं ठरलं, तेव्हाही मुद्दा तोच, जमीन पालिकेनं खाजगी कंपनीला विकलेली. देवळाला जवळच दुसरी जागा मिळाली, दोन्ही बाजूंनी तडजोड केली. माझ्या ओळखीतली तमिळ माणसं म्हणाली, बरं झालं. आणि एक म्हणाली, कागद आमच्याकडे असता तर?

दुसरा कागद खिशात असतो. मलेशियन ओळखपत्रावर मुसलमानाच्या कार्डावर ‘इस्लाम’ असं छापलेलं असतं. बाकीच्यांच्या कार्डावर त्या जागी काही नसतं. राज्यघटनेच्या १६० व्या कलमाप्रमाणे मलय म्हणजे इस्लाम पाळणारा, मलय बोलणारा, मलय रीतीनं वागणारा. धर्म सोडला की माणूस मलयही राहत नाही. लीना जॉय या बाईंनी ख्रिस्ती झाल्यावर कार्डावरचा तो शब्द काढून मागितला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आधी शरिया न्यायालयाकडून दाखला आणा. मुसलमानाशी लग्न करायचं तर धर्म बदलावाच लागतो. त्यामुळे मामाकच्या टेबलावर एकत्र बसणारी पोरं प्रेमात पडली की आधी घरच्यांच्या नव्हे, कायद्याच्या दारात उभी राहतात.

या दारात सगळ्यात जास्त काळ उभी राहिलेली बाई इपोहची, इंदिरा गांधी नावाची. बालवाडीत शिकवायची. २००९ मध्ये नवऱ्यानं इस्लाम स्वीकारला, तिन्ही मुलांचं धर्मांतर तिच्या नकळत करून टाकलं आणि अकरा महिन्यांच्या धाकटीला घेऊन निघून गेला. १९८८ च्या घटनादुरुस्तीनंतर शरियाच्या कक्षेतल्या गोष्टींत दिवाणी न्यायालय पडेना, आणि शरिया न्यायालयात जायचं तर ती हिंदू. या दोन न्यायालयांच्या मधल्या फटीत तिची नऊ वर्षं गेली. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला: एकट्या पालकाच्या संमतीनं मुलांचं धर्मांतर बेकायदा. निकाल ऐतिहासिक म्हणतात तसा होता. पोलिसांना नवऱ्याला शोधायचा हुकूम होता. पण निकालानंतरही वर्षामागून वर्षं गेली तरी मुलगी आईच्या हाती आली नाही. मलेशियात हा विषय काढला की मलय ओळखीचेही खाली बघतात, त्यांच्यातल्या एकीनं मला सांगितलं, “आम्हालाही लाज वाटते, पण बोलायचं कुठे?”

शेवटी मलाक्का. इथल्या गजबजलेल्या जुन्या गल्लीत १७८१ चं विनायगर देवालय आहे. गणपती पाहून मी चटकन चप्पल काढली. त्याच रस्त्यावर पागोड्याच्या आकाराचा मिनार असलेली कंपुंग क्लिंग मशीद आणि थोडं पुढे चेंग हून तेंग हे चिनी मंदिर. पण मला भेटायचं होतं ते चिट्टी लोकांना. सुलतानांच्या काळात आलेल्या तमिळ व्यापाऱ्यांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, त्यांचे हे वंशज. घरात मलय बोलतात, बायका सारोंग-केबाया नेसतात, स्वयंपाकात पांदानची पानं आणि बेलाचान, आणि पूजा शंकराची, मरिअम्मनची. वर्षातून दोनदा केळीच्या पानावर पितरांना जेवण वाढतात. गाजाह बेरांगच्या त्यांच्या छोट्या वस्तीत एक आजोबा ओसरीवर बसले होते. “माझ्या आजीला तमिळ येत नव्हतं,” ते म्हणाले, “मला येत नाही.”

आपल्यालाही भूमिपुत्र म्हणावं, अशी या समाजाची मागणी जुनी आहे. मलाक्कातल्याच पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती लोकांना भूमिपुत्रांच्या अमानाह साहाम गुंतवणुकीत घेतलं, तो दाखला ते देतात. आजोबांच्या नातवाचा तेव्हा कॉलेजचा फॉर्म भरायचा चालला होता. वंशाच्या रकान्यात चार पर्याय: मलय, चिनी, भारतीय, इतर. नातू म्हणत होता ‘इतर’ लिहू. सून म्हणत होती, इतर लिहिलं की कारकून बोलावून घेतो, चेहरा बघतो आणि परत पाठवतो. आजोबांचं म्हणणं, आपण मलय बोलतो, मलय जेवतो, मग पहिल्या चौकोनावर खूण करायला काय हरकत आहे, फार तर नाकारतील. यावर सगळेच हसले, आजोबा सोडून. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सुनेनं ‘भारतीय’वर खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.